दमेकऱ्याच्या वह्या

पारखेचा निकाल सोमवारी सकाळी अकरा वाजता आला, आणि मघा पुराणिकच्या हातातला चहा हातातच निवला.

‘निरीक्षक क्रमांक २०७. श्रीधर पुराणिक, दहिवडी, जिल्हा सातारा. एकूण नोंदी ९७४. जुळणाऱ्या ५८८. न जुळणाऱ्या ३८६. अभिप्राय : अंशतः रचित. शिफारस : सर्व वह्या वगळाव्यात.’

‘रचित’ म्हणजे काय, हे पुण्याजवळच्या त्या अंतरमापन केंद्रात कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. निरीक्षकानं आकाशाकडे न बघता घरात बसून आकडे लिहिले, असा त्याचा अर्थ. सरळ मराठीत सांगायचं तर थापा मारल्या.

आणि श्रीधर पुराणिक हे मघाचे वडील.

आता ही पारख कोण, ते आधी सांगायला हवं. २०३८ साल होतं आणि पारख येऊन सहा वर्षं झाली होती. ते एक यंत्र होतं, खरं म्हणजे यंत्रांचा ताफाच, पण सगळे तिच्याबद्दल बाईसारखंच बोलायचे. जुना कागद तिच्यापुढे ठेवला की ती अक्षराची घाई बघायची, शाई बघायची, आकड्यांची वळणं बघायची, आणि त्या काळाबद्दल जगात जे जे नक्की माहीत आहे त्याच्याशी ते ताडून बघायची. मग सांगायची, हे खरं, हे बनवलेलं. सुरुवातीला कोर्टकचेऱ्यांत तिचा उपयोग झाला तेव्हा लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. नंतर लोक हौसेनं आजोबांच्या रोजनिश्या घेऊन तिच्याकडे जायला लागले, आणि तिथे सगळं बिनसलं. मघाच्या शेजारच्या घरात आजोबांची बेचाळीसच्या भूमिगत दिवसांची डायरी होती. पारखेनं सांगितलं की ती साठ साली एका बैठकीत लिहून काढलेली आहे. तेव्हापासून त्या घरातले दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. बरं, वाईट याचंच की पारख सहसा चुकत नसे.

मघानं कप खाली ठेवला आणि निकाल पुन्हा वाचला. दुसऱ्यांदा वाचूनही त्यात काही फरक पडला नाही.

वह्या तिनंच आणल्या होत्या आणि पारखेपुढे ठेवून पुन्हा दहिवडीला पोचवल्या होत्या. लाल कापडी पाठीच्या अकरा लांब वह्या, १९७६ ते २००९. तेहेतीस वर्षं दहिवडीच्या शाळेत भूगोल शिकवणारा हा माणूस घराच्या गच्चीवर जाऊन एकाच ताऱ्याकडे बघत राहिला. मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांच्या खाली, तो तारा आहे. खगोलवाले त्याला झीटा म्हणतात. पुराणिक सर त्याला दमेकरी म्हणायचे, कारण तो दहा दिवस आणि साडेतीन तासांत एकदा फुगतो आणि आक्रसतो, आणि तसतसं त्याचं तेज वाढतं-घटतं.

असे तारे आकाशात पुष्कळ आहेत. त्यांच्या पोटात हेलियमचा एक थर असतो. तो दाबला गेला की आतली उष्णता अडवून धरतो, पातेल्यावर झाकण बसावं तसा. उष्णता साठली की झाकण वर उचललं जातं, तारा फुगतो. वर गेलेला थर निवतो, उष्णता निसटून जाते, झाकण पुन्हा खाली बसतं. असं हजारो वर्षं चालतं. गंमत अशी की मोठा, झगझगीत तारा हे सावकाश करतो आणि लहान तारा भराभर. म्हणजे नुसता ठोका मोजला की ताऱ्याचं खरं तेज कळतं. खरं तेज कळलं आणि इथून तो किती मंद दिसतो हे मोजलं की अंतर हिशेबानं निघतं, कारण दुप्पट लांब नेलेला दिवा चौपट मंद दिसतो. शेजारच्या देवयानी दीर्घिकेत असे तारे सापडले म्हणूनच ती पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर आहे हे आपल्याला कळलं. तिथे टेप लावायला कोणी गेलं नव्हतं.

पण हिशेबात एक खोच होती. तारा जसा म्हातारा होतो तसा त्याचा ठोका किंचित बदलतो. दमेकऱ्याचा ठोका वर्षाला तीनेक सेकंदांनी कमी होत होता. ताऱ्याचं वय कळायचं तर हा बदल कळायला हवा, आणि वय कळलं तरच खरं तेज बिनचूक ठरतं. नव्या दुर्बिणींनी देवयानीतले हजारो तारे मोजले होते, पण ते ज्याच्यावर पारखून घ्यायचे ते आपल्या जवळचे नव्वद तारेच नीट माहीत नव्हते. त्यासाठी जुन्या नोंदी हव्या होत्या. दहा-वीस वर्षांच्या चालणार नव्हत्या, शंभर वर्षांच्या सलग लागणार होत्या. म्हणून केंद्रानं जगभरातल्या हौशी लोकांच्या वह्या मागवल्या, आणि दमेकऱ्याच्या बाबतीत नेमकी ऐंशी-नव्वदच्या दशकात भली मोठी फट होती.

ती फट भरून काढणारा माणूस आपल्याच घरात आहे, हे लक्षात आलं त्या दिवशी मघा अक्षरशः नाचली होती. अर्जसुद्धा बाबांच्या वतीनं तिनंच भरला. अठ्ठावीस प्रश्न होते. घड्याळ कोणतं, चष्म्याचा नंबर काय, गच्चीवर दिव्यांचा उजेड किती. दहा मिनिटांत सगळ्या खुणा करून तिनं तो पाठवून दिला.

आणि आता हे.

डॉ. नसीम इनामदार केंद्राच्या प्रमुख होत्या. बोलायला कडक, मनानं मऊ. त्यांनी मघाला दार लावून घ्यायला सांगितलं.

“बघ, दोन प्रकारच्या नोंदी आहेत,” त्या म्हणाल्या. “जानेवारी ते मे, मिथुन रास संध्याकाळी वर असते. तेव्हाच्या सगळ्या अचूक. इतक्या की मला हेवा वाटला. ऑक्टोबर ते डिसेंबर, रास मध्यरात्रीनंतर चढते. त्या पहाटेच्या सगळ्या एक दिवसानं चुकलेल्या. पारखेचं म्हणणं, थंडीत पहाटे उठणं झालं नाही, मग मागच्या ठोक्यावरून हिशेब करून आकडे बसवले, आणि हिशेबात एक दिवस चुकला.”

“तारीख लिहिण्यात चूक झाली असेल.”

“तेहेतीस वर्षं? फक्त पहाटेच? पारखेनं सगळ्या वह्या एक दिवस सरकवूनही पाहिल्या. मग संध्याकाळच्या बिघडतात. आणि तारखेच्या पद्धतीबद्दल तुमच्या अर्जात स्वच्छ लिहिलंय. निरीक्षकानं शपथेवर जे लिहून दिलं त्यावर ती शंका घेत नाही.” त्या थांबल्या. “तेहेतीस वर्षांत ताऱ्याचा सगळा बदल मिळून सोळा-सतरा तासांचा, मघा. एक दिवस चुकलेली नोंद मी कुठे ठेवू?”

“मॅडम, माझे बाबा खोटं लिहिणार नाहीत.”

“तू मुलगी आहेस. तुझ्या शब्दाला इथे वजन देता येत नाही, आणि ते तुलाही माहीत आहे. एखादा कागद आण, जो तुझा नाही आणि त्यांचाही नाही. एकोणीस तारखेला यादी जाहीर होईल. नाहीतर मला त्यांच्या नावापुढे तो शब्द लिहावाच लागेल.”

मघानं मान डोलावली. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की ‘खोटं लिहिणार नाहीत’ म्हणताना आपला आवाज हवा तेवढा ठाम नव्हता.

त्या दिवसापासून तिनं एक वाईट काम सुरू केलं. पारखेनं वह्यांवरून काढलेले तक्ते समोर घेऊन ती वडिलांना खोटं पाडायला बसली. म्हणजे मनात इच्छा उलटी होती, पण नजर मात्र पोलिसाची होती. तक्त्यांत तारीख, वेळ आणि तेज असे तीन रकाने होते. चौथ्या दिवशी, १९८८च्या नोव्हेंबरपाशी, तिचं बोट थांबलं.

१८ नोव्हेंबर १९८८. पहाटे ३.४०. तेज ३.८.

अठरा नोव्हेंबर अठ्ठ्याऐंशी, पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी, साताऱ्याच्या एका प्रसूतिगृहात मघाचा जन्म झाला होता. जन्माच्या दाखल्यावर तसं लिहिलेलं होतं. आणि घरात शंभरदा सांगितलेली गोष्ट अशी की बाबा रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून होते, नर्सनं बाळ आधी त्यांच्याच हातात दिलं, आणि ते इतके गांगरले की बाळाला ‘नमस्कार’ म्हणाले. सातारा ते दहिवडी साठ-पासष्ट किलोमीटर. वीस मिनिटांत हा माणूस गच्चीवर कसा पोचला?

म्हणजे दोनातलं एक खोटं. एक तर बाबा त्या रात्री तिथे नव्हतेच, नाहीतर ही नोंद घरबसल्या रचलेली. दोन्हींतलं कुठलं खोटं असावं असं आपल्याला वाटतं, हे मघाला ठरवता येईना. तिला रडू आलं. पन्नाशीला आलेली बाई, केंद्रातल्या बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

रविवारी बाबांचा फोन आला. ते चौऱ्याऐंशीचे झाले होते. डोळ्यांच्या मधोमध डाग पडल्यामुळे आता त्यांना समोरचा माणूस कडेनं बघावा लागे, पण आवाज वर्गात शिकवल्यासारखा खणखणीत होता.

“काय गं, आलं का पत्र?”

“नाही अजून. कामं चालू आहेत, बाबा.”

“गडबड नाही. पण आमच्या शाळेतले लोक विचारतात, सर, यादीत नाव कधी येतंय? मी म्हटलं, देवयानी पंचवीस लाख वर्षं थांबली, तुम्हाला दोन आठवडे धीर नाही?” ते स्वतःच हसले. “दमेकऱ्याचं नाव काढतात का तिकडे?”

“काढतात.”

“बरी आहेस ना? आवाज असा का?”

“सर्दी झालीये,” मघा म्हणाली. वडिलांना खोटारडे ठरवायला बसलेली मुलगी त्यांच्याशी खोटं बोलली, आणि त्याची तिला तेव्हा लाजसुद्धा वाटली नाही, इतकी ती बधिर झाली होती.

मग आईनं फोन घेतला. कुमुदिनीबाईंचा खाक्या वेगळा. “पुढच्या बुधवारी येतेस ना? पन्नासावा आहे. मी पुरणाचं बघते.”

“आई, वाढदिवस गुरुवारी आहे.”

“तो तुझा सरकारी. घरचा बुधवारीच. पन्नास वर्षं झाली तरी तेच बोलतेस तू.”

हे भांडण जुनंच होतं. शाळेच्या दाखल्यावर अठरा नोव्हेंबर, पण घरात औक्षण सतराला. लहानपणी मैत्रिणींना ती अठराला चॉकलेटं वाटायची आणि घरी मात्र आदल्या दिवशीच सगळं उरकलेलं असायचं. आजोबा पंचांग सांगायचे, त्यांच्या घरात अशा काही खोडी राहायच्याच, असं समजून तिनं तो विषय कधीच सोडून दिला होता. आताही तिनं नुसतं “बरं” म्हटलं.

पुढचे दहा दिवस तिनं कागद शोधला. त्या वेळचं हवामान शोधलं, दहिवडीत वीज कधी गेली होती ते शोधलं. हाती काही लागलं नाही. बाबांना फोन करून सरळ विचारावं, असं दिवसातून पाच वेळा मनात यायचं. फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची.

बुधवारी दुपारी ती दहिवडीला पोचली. माण तालुक्यातलं ते स्वच्छ, कोरडं, पांढरं ऊन. घर साधं, सिमेंटचं, पण गच्चीच्या जिन्याला पुराणिक सरांनी हातानं लावलेला लोखंडी कठडा होता. पायरी चुकू नये म्हणून त्याला जागोजागी गाठी मारलेली सुतळी बांधलेली. अंधारात बोटांनी मोजत वर जाता यावं, म्हणून.

जेवणं झाली. भूक नसतानाही मघानं दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. संध्याकाळी आईनं पाट मांडला, तबकात निरांजन लावलं, सुपारी आणि अंगठी ठेवली. बाबा खुर्चीत कडेनं बघत बसले होते.

“बस,” आई म्हणाली. “पन्नास झाली, पण पाटावर बसताना अजून तस्संच तोंड करतेस.”

कुंकू लावून झालं. आईनं तबक उचललं, आणि तेवढ्यात बाबा म्हणाले, “मघे, परवा यादी लागणार ना? खरं सांग, नाव आहे का माझं?”

मघाला पुढे राहवलं नाही. सोळा दिवस दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं.

“बाबा, मी जन्मले त्या रात्री तुम्ही कुठे होतात?”

“म्हणजे काय?” आईच मधे बोलली. “साताऱ्याला! बाकावर बसून नखं खात होते.”

“तू थांब गं आई. बाबा, तुम्ही सांगा.”

“बाकावरच होतो,” बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. “का विचारतेस?”

“मग वहीत अठरा नोव्हेंबरला पहाटे तीन चाळीसला तुम्हाला दमेकरी कसा दिसला? गच्चीवरून? मी तीन वीसला जन्मले!” तिचा आवाज चढला. “पारखेनं तुमच्या पहाटेच्या सगळ्या नोंदी खोट्या ठरवल्यात. तीनशे शहाऐंशी. परवा यादीत तुमच्या नावापुढे ‘रचित’ लिहितील. मला फक्त एवढं सांगा, बाबा, त्या पहाटे तुम्ही तारा बघितलात की नाही?”

बाबांचा चेहरा उतरला, पण गोंधळलेला जास्त वाटला.

“बघितला की,” ते म्हणाले. “तू झालीस त्याच्या दुसऱ्या पहाटे. दुपारच्या एसटीनं घरी आलो, माझ्या आईला पेढे दिले. झोप कुठली यायला! पहाटे गच्चीवर गेलो. छान दिसला, तीन पूर्णांक आठ.”

“पण तारीख अठरा आहे!”

“मग? दुसऱ्या पहाटे अठराच.”

“मी अठराला झाले, बाबा.”

“अठराला कुठे? सतराला झालीस.”

“अठराला!”

“अगं ए,” आई तबक हातात धरून वैतागली, “सतराला नाही झालीस तर मग आज हे काय करतोय आपण?”

निरांजनाची ज्योत हलत होती. मघा तिच्याकडे बघत राहिली.

“आई,” ती हळूच म्हणाली, “माझा वाढदिवस सतराला का करतात?”

“का म्हणजे? सूर्य उगवायचा होता ना. पहाटे तीनला दिवस बदलतो होय कुठे? उजाडल्यावर अठरा लागली. दवाखान्यातल्या बाईनं बाराच्या ठोक्यावर बदलून टाकली, तिला काय करायचंय?”

“बाबा, तुम्ही वहीत तारीख कधी बदलायचात? मध्यरात्री की...”

“उजाडल्यावर,” बाबा म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की जणू तिनं पाणी ओलं असतं का असं विचारलं होतं. “आमच्या वडिलांनी पंचांग शिकवलं तेव्हापासून सूर्योदय ते सूर्योदय एक दिवस. तारीख इंग्रजी, पण दिवस आपला.”

“तुम्ही भूगोल शिकवायचात! मध्यरात्री तारीख बदलते, हे मुलांना शिकवलंत तीस वर्षं!”

“ते शाळेत,” बाबा म्हणाले, आणि मग त्यांनाच ते कसंतरी वाटलं असावं. “वही घरची होती, मघा. मला कोणी विचारलंच नाही. अर्जात नव्हता का तसा प्रश्न?”

होता. मघाला तो लख्ख आठवला. सतरावा प्रश्न : ‘आपण तारीख मध्यरात्री बदलता का?’ तिनं स्वतः ‘हो’वर खूण केली होती, एका सेकंदात, कारण दुसरं काही असू शकेल असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पारखेला खोटं कोणी सांगितलं असेल तर ते तिनं.

“मीच,” ती म्हणाली. “मीच लिहून दिलं. तुम्हाला न विचारता.”

आईनं आधी औक्षण पुरं केलं, तबक देवापाशी ठेवलं, आणि मगच पदरानं डोळे पुसले.

पण नुसतं कळून काय उपयोग? निकाल लागल्यावर मुलगी येऊन सांगते, अर्ज चुकला होता, दिवस उजाडल्यावर बदलायचा. इनामदार मॅडमनी विश्वास ठेवला असता, समितीनं नसता. कागद हवा होता.

“बाबा, खऱ्या वह्या कुठे आहेत?”

“कपाटात. सहावी काढ, अठ्ठ्याऐंशी तिच्यात आहे.”

खऱ्या वहीत रकाने तीन नव्हते, चार होते. चौथा ‘शेरा’. पारखेच्या तक्त्यात तो उतरलाच नव्हता, आणि ज्या ओळीत तेजाचा आकडा नाही ती ओळही तिनं रिकामी समजून गाळली होती. मघानं पानं उलटली. चौदा नोव्हेंबर, पंधरा, सोळा.

आणि सतरा.

१७ नोव्हेंबर. पहाटे ३.२०. तेजाच्या रकान्यात एक आडवी रेघ. शेऱ्यात, निळ्या शाईत, नेहमीपेक्षा जरा तिरकं अक्षर : ‘निरीक्षण नाही. सातारा. मुलगी झाली.’

तिच्या खालची ओळ, १८ नोव्हेंबर, पहाटे ३.४०. तेज ३.८. शेरा : ‘आकाश फार स्वच्छ.’

मघानं दोन्ही ओळी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवल्या. मग ती वहीवर डोकं ठेवून हसायला लागली, आणि हसता हसता तिला हुंदका आला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं.

कागद सापडला होता. सरकारी दाखला म्हणत होता, अठरा तारीख, तीन वीस. वही म्हणत होती, सतरा तारीख, तीन वीस. बाळ तर एकच होतं. म्हणजे या वहीतली पहाट सरकारी पहाटेच्या एक दिवस मागे चालते, हे सांगणारा साक्षीदार एक नगरपालिका होती, आणि तिचं पुराणिकांशी काही नातं नव्हतं. मघानं पानाचं छायाचित्र आणि स्वतःचा जन्मदाखला इनामदार मॅडमना पाठवला. खाली लिहिलं, ‘अर्जातली चूक माझी आहे. त्याची जी काही नोंद करायची ती माझ्या नावानं करा.’

पाच मिनिटांत उत्तर आलं. ‘पहाटेच्या नोंदी सरकवून पारखेला पुन्हा बसवते. रात्रभर लागेल. सरांना सांग, झोपा.’ आणि मग वेगळी एक ओळ : ‘मुलगी झाल्याचं निरीक्षणात लिहिणारा माणूस मला भेटायचाय.’

मघाला पाचाच्या सुमारास जाग आली ती फोनच्या आवाजानं. निरोप छोटा होता. ‘जुळणाऱ्या ९६९. न जुळणाऱ्या ५. अभिप्राय : विश्वसनीय. क्रमांक २०७ यादीत. त्या वीस वर्षांसाठी आपल्याकडे एवढाच माणूस आहे.’

ती धावत बाहेरच्या खोलीत गेली. बाबा खुर्चीत जागेच होते, शाल पांघरून.

“आलं?”

“आलं. पाच चुकल्या म्हणते.”

“पाचच?” बाबा म्हणाले. “मला वाटलं दहा-बारा तरी असतील. ताप असतानाही जायचो मी वर.” मग त्यांनी डोळे मिटले. मघानं त्यांचा हात धरला.

“तुला कधीपासून माहीत होतं हे?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

“एक तारखेपासून.”

“सोळा दिवस.”

“हो.”

“शंका घेतलीस त्याचं काही नाही. घ्यावीच. मीसुद्धा आकडा लिहिण्याआधी दोनदा बघायचो.” त्यांचा आवाज जरा चिरकला. “पण विचारायचंस, बाळ. मी इथेच होतो की.”

“भीती वाटली, बाबा. तुम्ही ‘हो, रचले आकडे’ म्हणाला असतात तर?”

तिचा हात त्यांनी सोडला नाही. मग उठले. “चल. वही घे. पहिली पण घे.”

सुतळीच्या गाठी बोटांनी मोजत ते वर चढले, मघाच्या पुढे. वर अर्धा चंद्र होता. पूर्वेला अजून फटफटलं नव्हतं. मिथुनेचे दोन ठळक तारे चंद्राच्या पश्चिमेला दिसत होते, आणि त्यांच्या खाली तो.

“मला तिथे नुसता डाग दिसतो,” बाबा म्हणाले. “तू बघ. शेजारच्या दोघांच्या मानानं सांग. वरच्याएवढा आहे का?”

“नाही. वरच्याहून मंद. खालच्याहून ठळक. साधारण मधे.”

“साधारण नको. मधे की जरा वर?”

मघानं पुन्हा बघितलं, नीट. “जरा वर.”

“तीन पूर्णांक आठ,” बाबा म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं.

आधी त्यांनी पहिली वही मांडीवर घेतली. तिनं फोनचा उजेड धरला. पहिल्या पानावर, बासष्ट वर्षं कोऱ्या राहिलेल्या जागी, त्यांनी अंदाजानं, वाकड्या ओळीत लिहिलं, ‘या वह्यांतला दिवस सूर्योदयाला सुरू होतो.’ मग शेवटची वही उघडली. २००९ नंतर तिच्यात पानं शिल्लक होती.

“वेळ सांग.”

“पाच वीस.”

“तारीख?”

फोनच्या पडद्यावर ठळक आकड्यांत अठरा होतं. सरकारी वाढदिवस लागून पाच तास झाले होते. मघानं पूर्वेकडे बघितलं. सूर्याचा पत्ता नव्हता.

“सतरा,” ती म्हणाली.